माठाजवळची जागा

हौसाबाई जिना चढून वर आल्या तेव्हा माझ्या चारी बाजूंना पैलवान आडवे पडले होते. कागदावरचे हो. खरे पैलवान खाली तालमीत शड्डू ठोकत होते आणि त्याचा आवाज फळ्यांच्या जमिनीतून माझ्या मांडीपर्यंत येत होता. कोल्हापुरात कारेकर मास्तरांचा चित्रकलेचा क्लास तालमीच्या माडीवर चालायचा. समोर बसवायला माणूस लागला की मास्तर जिन्यातून खाली हाक मारत, आणि जो कोणी घाम पुसत वर येईल तो त्या दिवसाचा मॉडेल. त्यामुळे त्या माडीवर आयुष्यभरात जेवढी चित्रं झाली, त्यातली निम्मी लंगोटातल्या उघड्याबंब पैलवानांची.

"कारेकर मास्तर हाईत न्हवं?" हौसाबाईंनी विचारलं. काष्ट्याचं नऊवारी लुगडं, हातात रिकामी पिशवी, चपला खालच्याच पायरीवर काढलेल्या. मी या म्हटलं तरी त्या उंबऱ्यातच थांबल्या, कारण आत पाय ठेवायला जागाच नव्हती.

"मी आनंदाची आई," त्या म्हणाल्या. "आनंदा पोवारची. वडणग्याची."

खिडकीशी खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी मान वळवली. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती, तेव्हा वळवली ती आवाजाकडं. आनंदा हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. वर्षापूर्वी तो कावीळ होऊन गेला एवढंच मला पत्रातून कळलं होतं. विशीसुद्धा धड ओलांडलेली नव्हती पोरानं.

हौसाबाईंनी उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात केली. पोरगं फाउंड्रीत कामाला लागलं आणि कावीळ झाली, ती डोक्यात चढली. आता वर्षश्राद्ध आलंय. भिंतीला लावायला त्याचा फोटो नाही. शाळेतल्या घोळक्यातला एक आहे, पण त्यात तो हलला आहे. तर म्हटलं, फोटो नाही तर नाही, त्याच्या हातचं काहीतरी लावावं.

"एक तरी कागद द्या मास्तर," त्या म्हणाल्या. "चांगलाच पायजे असं न्हाई. त्याच्या हातचा पायजे."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आणि गंमत अशी की आम्हीही त्या दिवशी नेमकं तेच करत बसलो होतो, कुठला कागद कुणाच्या हातचा ते ओळखत.

ते का, तेही सांगते. मास्तरांची पंचाहत्तरी आली होती. गावातल्या चार जाणत्या माणसांनी मनावर घेतलं की मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. जिवंतपणी भरवायचं, हे विशेष. नाहीतर आपल्याकडे मेल्या म्हशीला मणभर दूध. पत्रिका छापून झाल्या, हॉल ठरला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माडीवर जो ढीग आहे त्यात मास्तरांचं कुठलं आणि विद्यार्थ्यांचं कुठलं हे कागदावर लिहिलेलंच नाही.

ती मास्तरांचीच शिस्त. त्यांच्या क्लासात कागदावर नाव घालायचं नाही. सगळ्यांनी वर्तुळात बसून एकच माणूस काढायचा, मास्तरही आमच्यातच बसून काढायचे, आणि शेवटी सगळे कागद जमिनीवर मांडायचे. मग ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलायचं. "नाव दिसलं की माणसाचं तोंड बदलतं," मास्तर म्हणायचे. आमची अशी शोभा व्हायची त्या जमिनीवर, की विचारू नका. एकदा माझ्या चित्रातल्या पैलवानाला कुणीतरी हात सुजलेत का म्हणून विचारलं होतं. अजून आठवलं की राग येतो.

तर हे निवडण्यासाठी मास्तरांनी मला चिपळूणहून बोलावून घेतलं. लग्न होऊन मी तिकडे गेले होते आणि शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. इंदूला बोलवा, ती तोंडावर बोलते, असा निरोप होता. सोबतीला यशवंत हेरवाडे. हा आमच्याच क्लासातला. पूर्वी सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, नंतर चित्रांना फ्रेमा करून देण्याचं दुकान घातलं. प्रदर्शनाची धावपळ सगळी त्याच्या डोक्यावर होती आणि ते तो दर अर्ध्या तासाला आम्हाला आठवण करून देत होता.

निवडायची युक्ती मात्र माझी होती. हातावरून ओळखायला गेलं तर वर्ष पुरलं नसतं, कारण मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांच्या रेषा थोड्याफार मास्तरांसारख्याच. पण क्लासात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. एकदा मिळाली की वर्षानुवर्षं तीच. मी दाराशी, हेरवाडे माझ्या पलीकडे, नवा पोरगा आला की तो मागं माठाजवळच्या कोपऱ्यात. तिथून मॉडेलची पाठच दिसायची आणि ती जागा कुणालाच नको असायची. आणि मास्तर स्वतः खिडकीखाली, जमिनीवर, पाटावर. आम्ही सगळे बाकांवर आणि ते एकटे खाली. त्यामुळे मास्तरांचा पैलवान खालून पाहिलेला असतो. गुडघे मोठे, हनुवटीच्या खालची बाजू दिसते, उजेड समोरून पडलेला. एकदा हे सुचल्यावर काय, हेरवाड्यानं कागद उचलायचा, मी म्हणायचं, दार. मी म्हणायचं, पाट. भराभर ढीग पडायला लागले.

पाटावरून काढलेल्या ढिगात शेवटची चित्रं होती ती बघून मात्र मी हात थांबवला होता. मास्तरांचा हात मला माहीत होता. पण हे काही वेगळंच होतं. हिंदुराव म्हणून एक उतरलेला पैलवान अलीकडे बसायला यायचा. त्याचं सुटलेलं पोट, मोडलेला कान, मांडीवर नुसता टाकून दिलेला हात, सगळं असं काढलेलं की तो माणूस एकेकाळी कसा असेल तेही कळावं. रेषा थोड्याच. मी तोंडावर बोलणारी बाई, पण त्या दिवशी मी मास्तरांना म्हटलं, मास्तर, तुम्ही आयुष्यभर आम्हाला जे सांगत होतात ते इथं केलंत. मास्तरांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. हेरवाडे म्हणाला की तो गावभर हेच सांगत फिरतोय, म्हातारपणी मास्तरांचा हात खुलला, आणि प्रदर्शन ठरलं तेच मुळी ह्या चित्रांवरून.

"आनंदा माठाजवळ बसायचा," हेरवाडे आता हौसाबाईंना सांगत होता. शेवटी शेवटी क्लासात आनंदा एकटाच उरला होता. हेरवाडे अधूनमधून संध्याकाळी, कागद जमिनीवर मांडायच्या वेळेला, डोकवायचा, म्हणून त्याला ठाऊक. त्यानं कोपऱ्यातल्या जागेचा ढीग उचलला, वरचे अलीकडचे कागद काढले आणि माझ्याकडं बघून ओठ मुडपला.

मीही बघितलं. हिंदुरावाचीच पाठ, पुन्हा पुन्हा. रेघ सुटलेली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. खांदा एकीकडे आणि मान भलतीकडे. एका कागदावर तर बोटानं सगळं पुसून पुन्हा धरलेलं. माझ्या शाळेतल्या आठवीच्या पोरींनी याहून बरं काढलं असतं. मला त्या बाईची दया आली, आणि तिला चित्रातलं कळत नाही हे बरंच झालं असंही वाटलं.

त्यातल्या त्यात सावरलेला एक कागद मी निवडून दिला. हौसाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. खूप वेळ बघितला. मग मास्तरांकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, ह्यो त्याचाच न्हवं?"

खाली कुणीतरी धाडकन पडलं, पोरं हसली.

"कोपऱ्यातलाच आहे," मास्तर म्हणाले.

हौसाबाईंनी कागद कपाळाला लावला. पिशवीत मावेना म्हणून मी गुंडाळी करून दोरा बांधून दिला. चहा घेऊन जा म्हटलं तर बस चुकेल म्हणाल्या, आणि पदराखाली ती गुंडाळी धरून जिना उतरून गेल्या.

दुपारी हेरवाडे जेवायला गेला. मास्तर खुर्चीतच होते. डबा आला होता, पण त्यांनी उघडला नव्हता. मी पाटावरच्या ढिगातली शेवटची चित्रं फ्रेमसाठी वेगळी काढत बसले. चित्र निवडताना आपण माणूस बघतो, त्याच्या मागं काय आहे ते कोण बघतं? तो हिंदुरावच बघितला होता मी सकाळपासून. आता त्याच्या कोपराच्या मागं, अगदी हलक्या रेषांत काहीतरी आहे असं वाटलं म्हणून कागद खिडकीशी नेला.

मागं माठ होता. माठाशेजारी खुर्चीत एक म्हातारा बसला होता. डोक्याला काळी टोपी, चष्मा कपाळावर चढवलेला, मांडीवर फळी, आणि तोंड त्या फळीच्या इतकं जवळ नेलेलं की नाक कागदाला टेकावं. कोळसा धरलेल्या बोटांचा पुंजका आणि वाकलेली मान, बस एवढंच. पण ते मास्तर होते. आंधळ्यानंही ओळखले असते असं म्हणणार होते, पण नको.

मी कागद हातात घेऊन उभीच राहिले. मास्तर माठाजवळ बसले असतील तर पाटावर बसून हे काढलं कुणी?

मग एकेक डोक्यात शिरायला लागलं. सकाळी मास्तरांना जिना चढवताना मीच धरलं होतं. दोन्ही गुडघे गेलेले. हा माणूस जमिनीवर पाटावर बसणार कसा आणि बसला तर उठणार कसा? माझी युक्ती, माझी हुशारी! जागा बरोबर ओळखल्या होत्या, पण जागेवर माणूस कोण होतं ते कुणी विचारलंच नव्हतं.

"मास्तर," मी म्हटलं, "ह्या कागदावर तुम्ही आहात."

मास्तर एवढंच म्हणाले, "त्यानं मला काढलं होतं? मला माहीत नव्हतं."

हेरवाडे पानाची पिंक टाकून वर आला तेव्हा मी त्याला कागद दाखवला. आधी त्याला कळेना. मग म्हणाला, मास्तरांनी आरशात बघून काढलं असेल. मग म्हणाला, आठवणीतनं काढलं असेल. मी त्याला म्हटलं, यशवंता, मुकाट्यानं बस. आणि तो बसला, कारण मास्तर बोलायला लागले होते.

गुडघे गेले तेव्हा मास्तरांनी जागा बदलली होती. कोपऱ्यात खुर्ची होती, उठताना धरायला भिंत होती. आनंदा पाटावर बसायला तयार नव्हता. गुरूच्या पाटावर कसा बसू म्हणाला. मास्तर रागावले तेव्हा बसला. क्लासात तेव्हा दोघंच. डोळे जातायत हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण रोज समोर बसणाऱ्याला काय सांगायला लागतं? मास्तरांचा कोळसा हातातून पडला की तो न बोलता उठून हातात द्यायचा.

"मग एकदा संध्याकाळी तू आलास यशवंता," मास्तर म्हणाले. "जमिनीवर दोन कागद होते. तू उभ्या उभ्या पाटावरचा कागद बघितलास आणि म्हणालास, वा मास्तर, म्हातारपणी हात खुलला. आणि माझा कागद बघून आनंदाला म्हणालास, पोरा, अजून हात बसायचाय तुझा. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण मला किती दिवसांत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं रे. म्हटलं, आज राहू दे. उद्या सांगू."

"आणि आनंदा?" मी विचारलं.

"तो हसला. होय हेरवाडे काका, अजून बसायचाय, म्हणाला."

हेरवाड्यानं हातातला कागद खाली ठेवला. उद्या सांगू, उद्या सांगू करत ते महिनोन्‌महिने चाललं होतं. हेरवाडे यायचा, एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला उपदेश देऊन जायचा, आणि खुर्चीतला म्हातारा आणि पाटावरचा पोरगा दोघंही गप्प.

इथपर्यंत मी समजू शकले असते. माणूस म्हातारा होतो, हात जातो, डोळे जातात, चार चांगल्या शब्दांची भूक सुटते. पण मास्तरांचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत, भांडं हातातच धरून ठेवलं.

"ही बाई पूर्वी एकदा आली होती इथं. आनंदा त्या दिवशी क्लासला आला नव्हता. म्हणाली, मास्तर, तुम्हीच सांगा, पोराच्या हातात काय आहे का? असलं तर शिकू दे त्याला, मी लोकांच्या भाकऱ्या थापीन. नसलं तर फाउंड्रीत जागा आहे, तिथं घालते."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

"मी म्हटलं, बाई, तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

खालची तालीम एव्हाना बंद झाली होती. आम्ही तिघं त्या ढिगांच्या मध्ये बसून राहिलो. मला मास्तरांचा इतका संताप आला होता की त्यांच्याकडं बघवेना, आणि ज्यानं मला पेन्सिल धरायला शिकवलं त्याच्यावर असा संताप यावा याचं रडूही येत होतं.

पहिला सावरला तो हेरवाडे. त्यानं व्यवहाराचं बोलायला सुरुवात केली. पत्रिका घरोघर गेल्यात. आता हे बाहेर पडलं तर मास्तरांच्या तोंडाला काळं लागेल, सबंध आयुष्याचं मातेरं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती बाई कागद घेऊन गेली, तिचं समाधान झालं. तिला काय कळतंय त्यातलं? आणि जो गेला त्याला आता काय त्याचं?

"मला कळतंय की," मास्तर म्हणाले. "इंदू, उद्या मला वडणग्याला ने. त्याचे कागद बरोबर घे. सगळे."

हेरवाडे तावातावानं उठून गेला. प्रदर्शन पुढं झालंच नाही. मास्तरांची तब्येत बिघडली असं सांगून त्यानंच ते निभावून नेलं, आणि ते काही अगदी खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं निघालो. हौसाबाईंचं घर विचारत विचारत गेलो. कौलारू दोन खोल्या, दारात शेणाचा सडा. मास्तर आलेले बघून हौसाबाई गडबडल्या, घोंगडं अंथरलं, भिंतीला टेकायला लावलं. आणि लगेच भिंतीकडं बोट दाखवून मला म्हणाल्या, बघा, लावला बी.

कागद खिळ्यांनी ठोकला होता आणि वर झेंडूचा हार. शेजारपाजारच्या बाया बघून गेल्या म्हणे.

"मी बघत बसती," हौसाबाई म्हणाल्या. "ह्या रेघा बघा की बाई. येकीवर येक, येकीवर येक. साधंना झालं तरी सोडलं न्हाई पोरानं. लई कष्ट घ्यायचा. मला वाटायचं तिकडं जाऊन खेळतोय."

मास्तरांनी डोळ्यांवर हात घेतला. मग काढला आणि सांगायला सुरुवात केली. मी मध्ये पडले नाही. आधी वाटलं होतं की मलाच बोलावं लागेल, पण त्यांनी काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. जागा बदलल्याचं सांगितलं, हेरवाड्याचं सांगितलं. हौसाबाई विचारायला आल्या त्या दिवशी पोराच्या हातात काय आहे हे आपल्याला पुरतं ठाऊक होतं, तेही सांगितलं. "तुमच्या पोरासारखा हात माझ्या क्लासात कुणाचाच नव्हता," ते म्हणाले. "माझाही नव्हता. मी हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याला फाउंड्रीत घातला नसता."

हौसाबाई ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी भिंतीकडं बघितलं. "म्हंजे ह्यो तुमचा?"

"माझा."

त्या उठल्या आणि कागदावरचा हार काढला. हार हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तो आता कशाला घालायचा ते त्यांना कळत नव्हतं. मी घाईघाईनं गुंडाळी सोडली, कागद घोंगड्यावर पसरले. त्या खाली बसल्या आणि एकेक कागद बघायला लागल्या. हिंदुरावाचा मोडलेला कान बघून त्यांनी त्यावर बोट टेकवलं आणि लगेच मागं घेतलं, पुसेल म्हणून. मग मास्तर ज्यात होते तो कागद आला.

"हे तुमी," त्या म्हणाल्या. "टोपी बी काढलीया." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मायेनं काढलंय हो तुमाला."

इतका वेळ मास्तरांनी स्वतःला घट्ट धरलं होतं. आता ते एकदम लहान पोरासारखे झाले.

"घरी काही बोलायचा का तो?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल. रागावलेला असायचा का?"

हौसाबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "रागवायचा कशाला? उड्या मारत यायचा. आये, आज मास्तरांचं चित्र लई झ्याक झालं, हेरवाडे काकांनी लई नाव काढलं, म्हणायचा. भाकरी खाताना बी तेच. मी म्हणायची, आरं, चित्र मास्तरांचं, कवतिक मास्तरांचं, आन्‌ तू का नाचतुयास?" त्या थांबल्या. "मला वाटायचं, खुळंच हाय माझं पोर."

मग मात्र त्यांचा बांध फुटला. मोठ्यानं, छाती पिटून रडल्या त्या, वर्षापूर्वी रडल्या असतील तशा. मलाही आवरलं नाही. मास्तर भिंतीला धरून उठले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी तो बाजूला केला, आणि रडण्याच्या आवाजाच्या रोखानं, कागदांवर पाय पडू नये म्हणून पाय घासत घासत, हौसाबाईंपर्यंत गेले. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसले. चाचपून त्यांनी हौसाबाईंची पावलं शोधली आणि त्यांवर डोकं ठेवलं.

आपल्याकडे वडीलधारं माणूस पायाशी वाकलं तर कुणीही झटकन पाय मागं घेतं, असं नको करू म्हणतं, उठवून बसवतं. हौसाबाईंनी पाय मागं घेतले नाहीत.